टक्कल मामाकडून येतं का?

अर्धंच खरं. केसांच्या मुळांवर पुरुषी संप्रेरकांचा परिणाम ठरवणारा एक महत्त्वाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणजे मुलाला तो आईकडूनच मिळतो. पण इतर अनेक जनुकांचाही यात हात असतो. तेव्हा वडिलांचं डोकंही पाहावं. टक्कल पडण्यात हेल्मेट निर्दोष. तेलाच्या चंपीने झोप छान लागते, गेलेले केस उगवत नाहीत.

आता उपाय. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून डोक्याला लावायला आलं. सुरुवातीला केसगळती वाढू शकते, घाबरून बाटली फेकू नये. फरक दिसायला ४ ते ६ महिने लागतात. केसगळती रोखणारी फिनास्टेराइडची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी: काही पुरुषांत कामेच्छा घटते, आणि गरोदर बाईने तर फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. औषध थांबवलं, की राखलेले केस काही महिन्यांत पुन्हा गळू लागतात.