डोंगरवाटेवरचा शिष्टाचार

अरुंद डोंगरवाटेवरून पायी चालणारा मनुष्य ताशी चार-पाच किलोमीटर वेगाने जातो. घोडाही अशा वाटेवर बहुधा चालतच असतो. सायकलस्वार मात्र त्याच वाटेच्या उतारावरून, फारसे श्रम न करता, ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने येऊ शकतो; आणि तोही जवळजवळ आवाज न करता. या तिघांची गाठ एखाद्या आंधळ्या वळणावर पडली तर कोणी थांबावे व कोणी पुढे जावे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकापर्यंत फारसा कोणाला पडला नव्हता. तोवर सायकल हे रस्त्याचे वाहन समजले जात असे.

हा प्रश्न प्रथम तीव्र झाला तो अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात. सॅन फ्रान्सिस्को शहरातून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेकडे गेले म्हणजे मरीन परगणा लागतो. सुमारे ७८० मीटर उंचीचा टॅमलपाइस पर्वत या परगण्यात आहे. त्याच्या उतारांवर आणि आसपासच्या टेकड्यांवर वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांचे जाळे पसरलेले आहे. १९७०च्या दशकात येथील काही तरुणांनी जाड टायरांच्या जुन्यापुराण्या सायकली मिळवून या रस्त्यांवरून खाली येण्याचा छंद सुरू केला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. सुमारे साडेतीन किलोमीटरच्या अंतरात हा रस्ता चारशे मीटर खाली उतरतो. त्या सायकलींना पेडल उलटे दाबून लागणारा ब्रेक असे. एका उतरणीतच चाकाचा हब इतका तापे की आतील ग्रीसचा धूर होऊन जाई, आणि पुढच्या खेपेपूर्वी हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. हब असा पुन्हा भरण्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यावरून त्या उताराचे नावच ‘रिपॅक’ पडले.

याच मंडळींतील जो ब्रीझ याने १९७७ मध्ये डोंगरासाठी मुद्दाम वेगळा सांगाडा तयार केला. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ल्स केली यांनी अशा सायकली विकण्याचा व्यवसाय काढला व त्याला ‘माउंटनबाइक्स’ हे नाव दिले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड या कंपनीने ‘स्टंपजंपर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने होणारी सायकल बाजारात आणली, आणि मूठभर लोकांचा छंद पाहता पाहता लक्षावधींचा झाला. येथवरची कथा अनेकदा, आणि काहीशा अभिमानाने, सांगितली जाते. त्यानंतर त्या वाटांवर काय घडले ते तितके सांगितले जात नाही.

मरीनच्या डोंगरांत चालणाऱ्यांची व घोडेस्वारांची परंपरा सायकलस्वारांहून पुष्कळ जुनी होती. तेथील पदभ्रमण मंडळांनी कित्येक पायवाटा आपल्या हातांनी राखल्या होत्या. शांततेसाठी डोंगरात येणाऱ्या या मंडळींना वळणावरून एकाएकी अंगावर येणारी सायकल म्हणजे आक्रमण वाटले, आणि त्यात नवल काही नव्हते. तक्रारी वाढल्या तसे निर्बंध आले. रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी पंधरा मैलांची, म्हणजे सुमारे चोवीस किलोमीटरची, वेगमर्यादा घालण्यात आली; वळणावर किंवा कोणाला ओलांडताना ती पाच मैलांवर, म्हणजे आठ किलोमीटरवर, आणली गेली. रडारने वेग मोजून वनरक्षक दंड करू लागले. टॅमलपाइसच्या पाणलोट क्षेत्रातील अरुंद पायवाटा सायकलींना दीर्घकाळ बंदच राहिल्या. ज्या डोंगरात हा खेळ जन्मला, तेथेच त्याला दार लागले.

इतरत्रही हेच घडत होते. १९६४च्या अरण्य-संरक्षण कायद्याने राखीव रानांत यांत्रिक वाहतुकीला मनाई केलेली होती. त्या मनाईत सायकलही येते, असे अमेरिकेच्या वनखात्याने १९८४ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील काही सायकल मंडळांनी एकत्र येऊन एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिने सायकलस्वारांसाठी वाटेचे थोडके नियम प्रसृत केले: खुल्या वाटांवरच जावे, मागे खूण ठेवू नये, सायकल ताब्यात ठेवावी, दुसऱ्याला वाट द्यावी, जनावरांना भिववू नये आणि तयारीनिशी निघावे. वाचताना हे नियम शाळेच्या भिंतीवरील सुविचारांसारखे भासतात. परंतु ते कोणा नीतिवाद्याने लिहिलेले नाहीत. वाटा हातच्या जात आहेत हे पाहून धास्तावलेल्या सायकलस्वारांनीच ते स्वतःला घालून घेतले होते.

सायकलींविरुद्ध एक मोठा आक्षेप असा घेतला जात असे की त्यांच्या चाकांमुळे वाटांची धूप होते. याविषयी १९९४ मध्ये मोंटाना राज्यातील डोंगरवाटांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ओल्या केलेल्या वाटेवर चाकांपेक्षा टापांनी आणि पावलांनी अधिक माती सुटी होते, असे आढळले. कोरड्या वाटेवरही घोड्यांमुळे सुटणारी माती अधिक होती. म्हणून चाक निर्दोष आहे असे नव्हे. चिखलातून गेलेल्या चाकाची खाच सलग असते, आणि पुढच्या पावसात तीच पाण्याचा पाट बनते. ब्रेक आवळून चाक फरफटत नेले तर माती खरवडून निघते. डबके टाळण्यासाठी कडेच्या गवतावरून गेले तर एका वाटेच्या दोन वाटा होतात, आणि मग तीन. यास्तव पावसानंतर वाट वाळेपर्यंत सायकल घरी ठेवावी आणि डबके मध्येच लागले तर कडेने न जाता त्यातूनच जावे, असा संकेत आहे. हौशी माणसाला यांपैकी पहिली गोष्ट दुसरीपेक्षा फार जड जाते.

खरे भांडण मात्र मातीचे नव्हतेच. ते दचकण्याचे होते. वेग आणि निःशब्दता या दोन गुणांचा संयोग सायकलीखेरीज त्या वाटेवरील दुसऱ्या कोणातही नाही. शिष्टाचाराचे बहुतेक सर्व नियम या संयोगातून उत्पन्न होणारी अनपेक्षितता घालवण्यासाठी आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे ते पाठ करावे लागत नाहीत.

अमेरिकेतील पुष्कळ वाटांच्या तोंडाशी एक त्रिकोणी पाटी असते. तिच्या तीन कोपऱ्यांवर सायकलस्वार, पादचारी आणि घोडेस्वार यांची चित्रे असून बाण दाखवतात की सायकलस्वाराने दोघांनाही वाट द्यावी आणि पादचाऱ्याने घोडेस्वाराला. इंग्लंड व वेल्समध्ये हे तत्त्व कायद्यातच आहे, आणि तेही माउंटन बाइक जन्मण्यापूर्वीपासून. १९६८च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्याने घोडवाटांवर सायकल नेण्याचा हक्क दिला. मात्र पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना वाट दिली पाहिजे, ही अट त्याच कलमात घातली. स्कॉटलंडने २००३ मध्ये याहून उदार मार्ग स्वीकारला. तेथे बहुतेक सर्व मोकळ्या भूमीवर पायी, घोड्यावरून वा सायकलवरून जाण्याचा हक्क सर्वांना आहे, पण तो जबाबदारीने वागणाऱ्यालाच आहे.

पाटीवर घोड्याला सर्वांत वरचा मान का, हे शहरी माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. घोडा बलाढ्य असला तरी स्वभावतः तो शिकार होणारा प्राणी आहे. गवतातील हालचाल पाहताच आधी पळायचे आणि मग विचार करायचा, ही त्याची हजारो पिढ्यांची शिकवण. शिरस्त्राण घातलेला, पुढे वाकलेला, चाकांवर सरकत येणारा आकार त्याला मनुष्य म्हणून ओळखू येत नाही. म्हणून घोडा दिसताच सायकलस्वाराने बऱ्याच अंतरावर थांबून खाली उतरावे आणि बोलावे. काय बोलावे याला महत्त्व नाही. माणसाचा आवाज ऐकू आला की समोरचा विचित्र आकार घोड्याच्या दृष्टीने माणूस होतो. उभे राहायचे ते शक्यतो वाटेच्या उताराकडील बाजूला. हिंस्र पशू वरून झेप घेतात हे भय घोड्याच्या रक्तात आहे. शिवाय तो बुजलाच तर समोरच्या आकारापासून दूर, म्हणजे चढाकडे, उडी घेईल आणि दरीत जाणार नाही. मागून गाठले असेल तर लांबूनच हाक द्यावी, स्वाराच्या उत्तराची वाट पाहावी, आणि तो सांगेल त्या बाजूने, तो सांगेल तेव्हाच पुढे जावे. घोड्याला त्याचा स्वार जितका जाणतो तितका सायकलस्वार जाणू शकत नाही.

दोन सायकलस्वार समोरासमोर आले तर चढणाऱ्याला मान. घाटात चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी हा संकेत भारतीय वाहनचालकांच्या परिचयाचा आहे. केंद्र शासनाच्या १९८९च्या रस्ता-नियमांतही तो होता. सायकलीच्या बाबतीत त्याचे कारण अधिकच उघड आहे. तीव्र चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा गती घेणे जवळजवळ अशक्य असते, आणि दम लागलेल्या माणसाची नजर पुढच्या चाकापलीकडे फारशी जात नाही. उतरणाऱ्याला तुलनेने दूरचे दिसते व त्याचे श्रमही वाया जात नाहीत. जाते ती केवळ उतरण्याची धुंदी; आणि ती सोडणे काहींना श्रमांहून कठीण वाटते, हेही खरे.

एकट्या सायकलस्वाराची कथा ही अशी. पण डोंगरात बहुधा समूहाने जातात, आणि समूहाबरोबर वरील प्रत्येक प्रश्नाचे रूप पालटते. पादचारी एका सायकलीसाठी बाजूला होतो, ती गेली असे समजून वाटेवर परततो, आणि नेमकी तेव्हाच दुसरी सायकल येते. पहिल्या स्वाराने कितीही अदब दाखवलेली असली, तरी पादचाऱ्याच्या लक्षात राहतो तो दुसरा. शिवाय घोळक्यातील मनुष्य एकट्यापेक्षा धीट असतो. पुढचा थांबला नाही म्हणून मागचा थांबत नाही, आणि अखेर अदब कोणाचीच उरत नाही.

म्हणून जाणत्या मंडळांत समूहाची रचना ठरलेली असते. पुढे वाट जाणणारा म्होरक्या आणि सर्वांत मागे एक अनुभवी पिछाडीकर. म्होरक्या सर्वांत वेगवान असावा असे मुळीच नाही. तसा तो नसलेलाच बरा. पिछाडीकराजवळ पंप, पंक्चरचे सामान आणि जादा ट्यूब असते, आणि त्याच्या मागे कोणीही राहत नाही, हेच त्याचे मुख्य काम. मोठा समूह असेल तर त्याच्या दोन-तीन तुकड्या करून त्या अंतराअंतराने सोडतात. उतारावर दोन स्वारांत पुरेशी जागा ठेवतात, कारण कोरड्या वाटेवर पुढच्याने उडवलेल्या धुळीत मागच्याला खड्डा दिसत नाही, आणि एकाच्या पडण्यावर तिघे कोसळतात.

सर्वांत उपयुक्त नियम फाट्याचा आहे. जेथे वाट फुटते तेथे प्रत्येकाने मागचा माणूस दृष्टीस पडेपर्यंत थांबावे. एवढ्या एका सवयीने, वाट ठाऊक नसलेले दहाजणही न चुकता उतरतात. थांबताना मात्र सायकली वाटेबाहेर, गवत न तुडवता, उघड्या जागी ठेवाव्या लागतात. अरुंद वाटेवर आडव्या सायकली टाकून गप्पा मारणारा घोळका हा चालणाऱ्यांच्या संतापाचा जुना विषय आहे.

फाट्यावरचा एक अन्याय मात्र नियमांत कोठे लिहिलेला नसतो. वेगवान मंडळी आधी पोहोचतात, पाणी पितात, दम घेतात. शेवटचा धापा टाकीत येतो आणि त्याचा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच बाकीचे निघतात. परिणामी ज्याला विश्रांतीची सर्वांत अधिक गरज, त्याला ती मुळीच मिळत नाही. दमलेल्या माणसाचे हात ब्रेकवर ढिले पडतात, नजर जवळ येते, आणि पुढच्या उतारावर पडतो तो बहुधा हाच. किंवा वळणावर एखाद्या वृद्ध पादचाऱ्याला दचकवतो तोही हाच. सुजाण म्होरक्या शेवटचा आल्यावर घड्याळ पाहतो, आणि त्यानंतर काही मिनिटे कोणालाही हलू देत नाही.

समोरून कोणी आल्यास समूहाने मोजणी सांगण्याची प्रथा आहे. म्होरक्या वेग अगदी कमी करून वा उतरून नमस्कार करतो आणि सांगतो, ‘मागे आणखी पाच जण आहेत.’ दुसरा सांगतो, ‘आणखी चार.’ असे एकेक उतरत जाते. ऐकणाऱ्याला किती वेळ बाजूला उभे राहायचे ते कळते. घोडेस्वार असेल तर तो लगाम तेवढा वेळ आवरून धरतो, आणि घोडाही प्रत्येक नव्या आवाजाबरोबर थोडा निवळतो. शेवटी पिछाडीकर येतो, थांबतो आणि म्हणतो, ‘मी शेवटचा. आता मागे कोणी नाही.’ मग घोडेस्वार लगाम सैल सोडतो.