बर्फावर ब्रेक का लागत नाही?

सुरतच्या आग्नेयेला डिंडोली नावाची मोठी वस्ती आहे. आपल्या डिचोलीशी नावाचे साम्य असले, तरी संबंध काही नाही. उधना, लिंबायत, नवागाम आणि डिंडोली या पट्ट्यात धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून कामधंद्यासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून स्थिरावली आहेत. बाजारात गुजरातीच्या बरोबरीने मराठी आणि अहिराणी कानावर पडते. माझ्या मामांचे घर तिथलेच. गेल्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. नवी गाडी घेतली आहे आणि डिसेंबरच्या सुटीत मामा-मामी, वहिनी आणि दोन मुलांना घेऊन थेट मनालीपर्यंत स्वतः गाडी चालवत जायचे त्याच्या मनात आहे. ‘‘बारा वर्षे सुरतच्या गर्दीत गाडी चालवतोय, गाडीला एबीएस आहे, टायर कोरे करकरीत आहेत. मग बर्फात भिण्यासारखे काय आहे, दादा?’’ असा त्याचा सरळ प्रश्न होता.

प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून लाहौलच्या बर्फात हिवाळ्यातही जाता येऊ लागले. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवरील या नऊ किलोमीटरच्या बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी दर डिसेंबरात देशभरातील पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. त्यांत गुजरात, महाराष्ट्र आणि गोव्याच्या पाट्याही असतात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात अचानक झालेल्या हिमवृष्टीत शेकडो गाड्या अडकल्या आणि पोलिसांना रात्रभर पर्यटकांना बाहेर काढावे लागले. अशा वेळी उतारावरून हळूहळू घसरत जाणाऱ्या, चाके थांबलेली असूनही न थांबणाऱ्या गाड्यांच्या चित्रफिती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. ब्रेक लागलेला असतो, तरी गाडी थांबत नाही. असे का होते, हे समजून घेतले तर मामेभावाच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

गाडी थांबवते कोण?

ब्रेक गाडी थांबवतो, असे आपण सहज म्हणतो. वास्तविक ब्रेक थांबवतो ते फक्त चाक. गाडीला थांबवते ती टायर आणि रस्ता यांच्यातील पकड. चार टायर मिळून रस्त्याला टेकलेला भाग किती, तर साधारण चार तळहातांएवढा. एक-दीड टनाची गाडी आणि आतील माणसे यांचा सारा भरवसा या चार तळहातांवर असतो.

ही पकड कशी निर्माण होते? डांबरी रस्ता हाताला खरखरीत लागतो. त्याच्या पृष्ठभागावर खडीची बारीक टोके आणि खळगे असतात. टायरचे मऊ रबर भाराखाली त्या खळग्यांत शिरते, टोकांभोवती चेपते आणि त्यांना चिकटून बसते. ब्रेक लागला की हे रबर ओढले जाते, ताणले जाते, आणि त्या ओढाताणीत गाडीची गती कमी होत जाते. म्हणजे पकडीसाठी दोन गोष्टी हव्यात : रस्त्याचा खरखरीतपणा आणि रबराचा मऊपणा.

पकड कमी झाली की काय होते, याचा अनुभव आपल्याला दर जूनमध्ये येतो. आठ महिने रस्त्यावर साचलेली धूळ, तेलाचे थेंब आणि टायरची झीज पहिल्या सरीत कालवली जाते आणि तिचा बुळबुळीत थर तयार होतो. डिंडोलीच्या उड्डाणपुलावर काय किंवा चोर्ला घाटातल्या लाल मातीच्या वळणावर काय, दुचाक्या घसरतात त्या याच कारणाने. तो थर खडीच्या खळग्यांत भरतो आणि रबराला शिरायला जागा उरत नाही. बर्फावर हेच घडते, पण कितीतरी अधिक प्रमाणात.

चेपलेला बर्फ वेगळा का?

ताजा, भुसभुशीत बर्फ तितकासा फसवा नसतो. त्यात टायरच्या खाचा रुततात, चाकापुढे बर्फाचा लहानसा ढीग साचतो आणि तोही गाडीला अडवतो. पण पर्यटकांची रांग त्यावरून गेली की बर्फ दाबला जातो, त्यातील हवा निघून जाते आणि रस्त्यावर पांढऱ्या फरशीसारखा गुळगुळीत थर बसतो. डांबराची खडी या थराखाली पूर्ण गाडली जाते. आता टायरचा रस्त्याशी संबंधच उरत नाही, तो फक्त बर्फाशी. रबराने बर्फ धरला, तरी बर्फाचे वरचे कण सहज तुटून सुटतात. पकड तिथेच संपते.

त्यानंतर अडकलेल्या गाड्या जागच्या जागी चाके फिरवतात. त्या घर्षणाने वरचा थर वितळतो आणि क्षणात पुन्हा गोठतो. दुपारच्या उन्हात वितळलेले पाणीही संध्याकाळी पारा उतरताच गोठते. अशा रीतीने चेपलेल्या बर्फावर काचेसारखा पातळ बर्फ तयार होतो. डांबरावर तो साचला तर पारदर्शक असल्याने दिसतही नाही; रस्ता नुसता ओला आहे, असे वाटते. सावलीतील वळणे आणि पूल या जागी तो सर्वाधिक आढळतो.

मुळात बर्फ निसरडा का असतो, हा प्रश्नही रंजक आहे. गाडीच्या वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो, हे उत्तर बरीच वर्षे सांगितले गेले. हिशेब केला तर ते टिकत नाही. एका वातावरणाएवढ्या दाबाने बर्फाचा वितळणबिंदू जेमतेम ०.००७५ अंशाने खाली येतो. मोटारीच्या टायरचा दाब सव्वादोन वातावरणांच्या आसपास. म्हणजे फरक अंशाच्या पन्नासाव्या भागाइतकासुद्धा नाही. खरे कारण दुहेरी आहे. मायकेल फॅरेडे यांनी १८५० मध्येच असे मांडले होते की गोठणबिंदूखालीही बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा अतिसूक्ष्म थर असतो. त्यात घसरणाऱ्या टायरच्या घर्षणाची उष्णता मिसळते आणि तो थर वाढतो. म्हणूनच उणे वीस अंशांतील कोरडा, कडक बर्फ जितका निसरडा नसतो, तितका शून्याच्या आसपासचा बर्फ असतो. मनालीच्या परिसरात हिवाळ्याच्या दिवसा पर्यटकांना बहुधा असाच बर्फ भेटतो.

आता दुसरी बाजू, टायरची. आपल्याकडील गाड्यांचे टायर उष्ण हवामानासाठी बनवलेले असतात. डिंडोली समुद्रसपाटीपासून जेमतेम दहा-पंधरा मीटर उंचीवर. तिथे थंडीतही पारा दहा अंशांखाली क्वचितच जातो. गोव्याची तर गोष्टच नको. साधारण सात अंशांखाली या टायरचे रबर ताठर होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरील असंख्य बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात. अशा टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि हिमकणाची खूण असते. मामेभावाचे कोरे करकरीत टायर सुरतच्या पावसासाठी उत्तम आहेत. बर्फासाठी ते बनलेलेच नाहीत.

आकडे काय सांगतात?

पकड मोजण्यासाठी घर्षणांक वापरतात. कोरड्या डांबरावर तो साधारण ०.७, ओल्या डांबरावर ०.४५च्या आसपास, चेपलेल्या बर्फावर ०.२ आणि काचेसारख्या बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाच्या गाडीने ब्रेक लावला, तर सपाट कोरड्या रस्त्यावर ती सुमारे ९ मीटरांत थांबते, ओल्या रस्त्यावर १४, चेपलेल्या बर्फावर ३१ आणि काचेसारख्या बर्फावर तब्बल ६३ मीटरांत. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी ११ मीटर आधीच संपलेले असतात.

हे झाले सपाट रस्त्याचे. डोंगरात उतार असतो आणि तो उरलीसुरली पकड खातो. दहा मीटर अंतरात एक मीटर खाली जाणारा उतार धरा. तिथे गुरुत्वाकर्षणाची ओढ ०.१ घर्षणांकाएवढी पकड स्वतःच संपवते. कोरड्या डांबरावर ०.७ मधून ०.१ गेले, तर चालकाला जाणवतही नाही. चेपलेल्या बर्फावर ०.२ मधून ०.१ गेले की अर्धीच पकड उरते आणि तिथे ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडीदेखील थांबायला सुमारे ३५ मीटर घेते. काचेसारख्या बर्फावर ०.१ मधून ०.१ गेले की उरते शून्य. मग ब्रेक कितीही दाबला, तरी गाडी थांबणे शक्यच नाही. चित्रफितींतील त्या हळूहळू सरकणाऱ्या गाड्यांचे रहस्य हेच.

या हिशेबात गाडीचे वजन कुठेच आलेले नाही, हे ध्यानात घ्यावे. वजन वाढले की पकड वाढते, पण थांबवायचा भारही तितकाच वाढतो. मोठी गाडी म्हणून लवकर थांबते, ही समजूत चुकीची आहे.

एबीएस आणि चार चाकांची ओढ

एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे. ही यंत्रणा चाक पूर्ण जखडू देत नाही. जखडलेले चाक घसरते आणि घसरणाऱ्या चाकाला वळवता येत नाही. एबीएसमुळे ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग हाताशी राहते. पण एबीएस नवी पकड निर्माण करत नाही. भुसभुशीत बर्फात तर ते थांबण्याचे अंतर काहीसे वाढवूही शकते, कारण चाकापुढे साचणारा तो उपयोगी ढीग मग साचत नाही.

चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाडीबद्दलही असाच गैरसमज आहे. अशी गाडी बर्फातून सहज निघते, चढ चढते. पण ब्रेक प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतो. त्यामुळे थांबण्याच्या बाबतीत तिला कोणताही विशेष लाभ नाही. उलट सहज चालते म्हणून चालक वेग वाढवतो आणि फसतो.

आणखी एक गोष्ट. टायरची पकड ही एकच पुंजी असते आणि ती थांबणे व वळणे या दोन कामांत वाटून घ्यावी लागते. बर्फावर पुंजीच तुटपुंजी. ती सगळी ब्रेकमध्ये खर्च झाली की वळायला काही उरत नाही. म्हणून ब्रेक वळणापूर्वी, सरळ रस्त्यावर आणि हलक्या पायाने लावायचा असतो.

मग करावे काय?

सर्वांत मोठा उपाय म्हणजे वेग. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग ४० वरून २० वर आणला की अंतर निम्मे नव्हे, चौथ्या हिश्श्यावर येते. उतार सुरू होण्यापूर्वीच पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये यावे, क्लच दाबून गाडी सोडून देऊ नये आणि इंजिनाला गती रोखू द्यावी. पुढील गाडी उतार पूर्ण उतरून जाईपर्यंत आपली गाडी वरच थांबवावी. चाकांना लोखंडी साखळ्या लावल्यास पकड पुष्कळ वाढते, पण त्या इंजिनाची ओढ असलेल्या चाकांना लावायच्या आणि वेग मर्यादितच ठेवायचा. फक्त पुढच्या चाकांना साखळ्या असतील, तर ब्रेक लावताच मागची बाजू फिरू शकते, हेही लक्षात असू द्यावे. हिमवृष्टी सुरू झाली की मनालीचे पोलीस साखळ्या नसलेल्या साध्या गाड्यांना पुढे सोडत नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नये.

मामेभावाला मी एवढेच सांगितले की मनालीपर्यंत रस्ता मोकळा असेल तर गाडी खुशाल ने. तिथून पुढे बर्फ असेल तर गाडी हॉटेलच्या आवारात ठेव आणि स्थानिक चालकाची गाडी कर. त्या रस्त्यावरचा प्रत्येक उतार आणि प्रत्येक सावलीतले वळण त्या चालकाला ठाऊक असते. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘पप्पांनाही हेच वाटत होतं. पण त्यांना कारण सांगता येत नव्हतं.’’