गाडी जास्त पेट्रोल पितेय, काळा धूर सोडतेय? फ्युएल प्रेशर रेग्युलेटर एकदा तपासा!

मोबाईलवर स्वस्तातला पार्ट शोधायचा, रेटिंगचे तारे बघायचे आणि ऑर्डर टाकायची, ही सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. मलाही होती. पण शिरूर ते दौंड रस्त्यावर एका संध्याकाळी याच सवयीने मला चांगलाच घाम फोडला. काय झालं, का झालं आणि तुम्ही काय काळजी घ्यायची, ते आज सोप्या भाषेत बघूया.

नेमकं काय झालं?

आमची जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, २०११ चं मॉडेल. तिचा रेग्युलेटर खराब झाला होता. कंपनीचा पार्ट महाग वाटला म्हणून मी ऑनलाइन ६५० रुपयांचा लोकल मागवला. दोन महिने गाडी मस्त चालली. मग ॲव्हरेज पडलं, सायलेन्सर काळा पडला, आयडलिंगला गाडी थरथरायला लागली. मी म्हटलं, बघू नंतर.

ताईची सोलापूरला मुलाखत होती आणि दौंड जंक्शनवरून तिला रात्रीची ट्रेन पकडायची होती. न्हावरे, चौफुला, पाटस हा आमचा नेहमीचा रस्ता. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे रखडत न्हावऱ्याला पोचलो, दहा मिनिटं चहाला थांबलो आणि गाडी चालूच होईना. सेल मारला की पेट्रोलचा भपकन वास. ताई घड्याळाकडे बघतेय, मी सेलवर सेल मारतोय.

शेजारी उभा असलेला एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "भाऊ, ओव्हर झालीय ती. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धर अन् मग सेल मार." तसं केलं, काळ्या धुराचा लोट निघाला आणि गाडी चालू झाली. ट्रेन मिळाली. पण दुसऱ्या दिवशी दौंडच्या मेकॅनिकने जे दाखवलं, ते बघून माझे हातपाय गार पडले.

रेग्युलेटर करतो काय?

कुकरची शिट्टी आठवा. आत वाफ जास्त झाली की शिट्टी उचलते आणि जादा वाफ सोडून देते. रेग्युलेटरही असंच काम करतो. टाकीतला पंप इंजिनाला लागतं त्यापेक्षा जास्त पेट्रोल पाठवतो. रेग्युलेटरमध्ये एक स्प्रिंग आणि एक रबरी पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. प्रेशर ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की पडदा उचलतो आणि जादा पेट्रोल रिटर्न पाइपमधून परत टाकीत जातं. बऱ्याच गाड्यांत हे प्रेशर ३ ते ४ बारच्या आसपास असतं.

माझ्यासारख्या जुन्या गाडीत रेग्युलेटरला एक बारीक व्हॅक्यूम नळीही असते. ती थेट इंजिनाच्या इनटेकला जोडलेली असते. नवीन गाड्यांत रेग्युलेटर बहुतेक वेळा टाकीतच, पंपासोबत बसवलेला असतो.

आता विचार करा, तो रबरी पडदाच फाटला तर? पेट्रोल त्या नळीतून थेट इंजिनात ओढलं जातं. इंजेक्टरला पत्ता नाही, कॉम्प्युटरला पत्ता नाही. माझ्या गाडीत हेच झालं होतं. गाडी बंद केल्यावरही लाइनमधलं पेट्रोल आत झिरपत होतं, म्हणून गरम इंजिन पुन्हा चालू होत नव्हतं.

ॲक्सिलरेटर दाबून का चालू झाली? बहुतेक इंजेक्शनवाल्या गाड्यांत पेडल पूर्ण दाबून सेल मारला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद ठेवतो आणि हवा जास्त येते. त्यामुळे साचलेलं पेट्रोल निघून जातं. पण बॉनेटखालून वास येत असेल किंवा पेट्रोल ठिबकताना दिसत असेल, तर हा उपाय अजिबात करू नका. गाडी बंद करा आणि सगळे खाली उतरा.

मोबाईलवर दोष कसा दिसतो?

एप्रिल २०१३ पासून भारतातल्या नव्या कारमध्ये ओबीडी-२ आहे, त्याआधीच्याही काही गाड्यांत सॉकेट मिळतं. स्टिअरिंगखाली ब्लूटूथ स्कॅनर लावा आणि ॲपमध्ये हे बघा:

• फॉल्ट कोड: पी०१७२ म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त, पी०१७१ म्हणजे कमी.
• फ्युएल ट्रिम: शून्याच्या आसपास असावा. उणे १० च्या खाली गेला, तर कॉम्प्युटर पेट्रोल कमी करायची धडपड करतोय.
• आयडलिंग आणि रेस यांतला फरक: माझा ट्रिम आयडलिंगला उणे २२ होता, २५०० आरपीएमला उणे ८.

हा फरक महत्त्वाचा आहे. आयडलिंगला इनटेकमधला व्हॅक्यूम जास्त असतो, म्हणून फाटक्या पडद्यातून पेट्रोल जास्त ओढलं जातं. शिवाय तेव्हा इंजिनाला लागणारं पेट्रोल थोडंच असतं, म्हणून गळती जास्त जाणवते. तरी ॲप फक्त इशारा देतं. खराब सेन्सर किंवा गळका इंजेक्टरही असाच आकडा दाखवू शकतो.

मेकॅनिकने काय दाखवलं?

त्याने व्हॅक्यूम नळी काढली. ती कोरडी पाहिजे, पण तिच्यातून पेट्रोलचे थेंब पडले. मग ऑइलची डिपस्टिक माझ्या नाकाशी धरली. तिलाही पेट्रोलचा वास! पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरून ऑइल पातळ करत होतं. तो एवढंच म्हणाला, "ही नळी रस्त्यात सुटली असती तर? खाली इंजिन किती गरम असतं, माहितीय ना?"

ताई शेजारी बसली होती, हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

नवा रेग्युलेटर, ऑइल, फिल्टर आणि प्लग मिळून ४,३०० रुपये गेले. वाचवायला गेलो होतो दीड हजार.

लोकल म्हणजे वाईटच का?

नाही. बॉशसारख्या कंपन्या गाडी कंपन्यांना पार्ट पुरवतात आणि स्वतःच्या नावाने बाजारातही विकतात. भीती आहे ती बिननावाच्या मालाची. त्यात पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याकडच्या उसापासूनही ते बनतं. हलक्या प्रतीचं रबर इथेनॉलमुळे फुगतं, कडक होतं आणि चिरतं. म्हणून घेताना:

• जुन्या पार्टवरचा नंबर आणि प्रेशर जुळवा.
• ई२० ला चालतो का, हे विचारा.
• जीएसटी बिल घ्या, बॉक्सचा आणि पार्टचा फोटो काढून ठेवा.
• स्वतः बसवू नका. लाइनमधलं प्रेशर आधी सोडावं लागतं, नाहीतर पेट्रोल अंगावर उडतं.

पैसे परत मिळतात का?

प्रयत्न नक्की करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मी बिल, मेकॅनिकची पावती आणि थेंब पडतानाचा व्हिडिओ पाठवला. विक्रेत्याने ६५० रुपये परत केले. बाकीचा खर्च माझाच.

ताईची मुलाखत चांगली झाली. पण आता कुठेही निघायच्या आधी ती विचारते, "पेट्रोलचा वास येतोय का बघितलंस?" तुम्हीही आज एकदा बॉनेट उघडून वास घ्या. आला, तर "बघू नंतर" म्हणू नका. आणि घरात जुनी गाडी चालवणारं कोणी असेल, तर त्यांना हा लेख नक्की पाठवा.