पुस्तकासाठी गहाण पडलेला दागिना

वाचनाची आवड उपजत असते, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. समजूत सोयीची खरी. कारण ती मान्य केली की मुलाच्या हाती पुस्तक देण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण मात्र निराळी साक्ष देते.

वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते आणि कबीरपंथी होते. घरात भजने, अभंग, रामायण-महाभारताचे पठण नित्य चाले व मुलांना त्यात बसावे लागे. हे ग्रंथ आपण का वाचावयाचे, असा प्रश्न आपण वडिलांना केला होता, हेही बाबासाहेबांनी नमूद केले आहे. वाचनाइतकीच ही हुज्जतही मोलाची! पुढे मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत संसार आला. तरीही मुलाने पुस्तक मागितले की सुभेदार सासरी नांदणाऱ्या लेकीचे दार गाठीत. उसने पैसे मिळाले तर ठीक. नाहीतर तिचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती येताच तो सोडवून आणीत. उत्पन्न तुटपुंजे झाले की कुटुंबाच्या खर्चात पहिली कात्री पुस्तकाला लागते, हा सर्वसाधारण अनुभव. त्या घरात पुस्तकाचे स्थान धान्याच्या पंक्तीला होते. या हिशेबात बहिणींच्या त्यागाची बाजू आपण सहसा मांडत नाही.

घराबाहेरचा आधारही वेळेवर लाभला. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णराव अर्जुन केळूसकरांचे लक्ष गेले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले.

परंतु प्रत्येक मुलाला असे वडील व असे गुरुजी कोठून लाभावेत? ही उणीव भरून काढणे हे सार्वजनिक ग्रंथालयाचे काम आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. साक्षरतेपाठोपाठ पुस्तक आलेच पाहिजे, हा त्यामागील सरळ विचार. महाराष्ट्राने ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली केला. मात्र मद्रासच्या १९४८ च्या कायद्यातील ग्रंथालय-कराची तरतूद त्यात आली नाही. परिणामी ग्रंथालयांची भिस्त शासकीय अनुदानावर राहिली. अनुदान लांबले की आधी सेवकांचे वेतन, मग विजेचे बिल, मग वृत्तपत्रांची देणी भागवावी लागतात. बालविभागाच्या कपाटाची पाळी त्यानंतर येते. तोवर पहिलीत अक्षरे गिरवणारे मूल चौथीत गेलेले असते.