द्विमान प्रदत्त-रूपांतरण

मापक उपकरणे व संगणक यांच्यात केवळ ० आणि १ या दोन चिन्हांच्या रूपात ये-जा करणारी कच्ची माहिती (प्रदत्त) माणसाला किंवा संगणकाच्या कार्यक्रमाला वापरता येईल अशा मूल्यात आणणे व अशी मूल्ये पुन्हा द्विमान रूपात बांधणे, या दुहेरी क्रियेस द्विमान प्रदत्त-रूपांतरण असे म्हणतात. ही क्रिया प्रत्येक संगणकात अखंड चालू असते. परंतु कारखाने, पाणीपुरवठा, वीजवितरण इ. क्षेत्रांत ती आता आकृत्या जोडून केलेल्या कार्यक्रमांतून, म्हणजे दृश्य कार्यक्रमणाच्या साहाय्याने, मोठ्या प्रमाणावर केली जाते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः याच प्रकाराचा विचार केला असून उदाहरणे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व पैठण या परिसरातील घेतली आहेत.

द्विमान अंक (बिट) हा माहितीचा सर्वांत लहान घटक असून आठ द्विमान अंकांच्या गटास बाइट म्हणतात. एका बाइटात ० ते २५५ यांपैकी कोणतीही एक संख्या मावते. मात्र बाइटाला स्वतःचा असा अर्थ नसतो. ०१००००११ हा बाइट ६७ ही संख्या असू शकेल, रोमन लिपीतील ‘सी’ हे अक्षर असू शकेल, आठ विद्युत् कळांची चालू-बंद स्थिती असू शकेल किंवा एखाद्या मोठ्या संख्येचा तुकडा असू शकेल. यांपैकी तो नेमका काय आहे हे त्या बाइटात कोठेही लिहिलेले नसते. ते पाठविणारा व घेणारा यांच्यातील संकेतावर अवलंबून असते. औरंगाबादच्या हिमरू कापडाच्या विणकामातही हेच तत्त्व आढळते. आलेख-कागदावर रंगविलेल्या नक्षीतील प्रत्येक चौकोन ताण्याचा धागा उचलावयाचा की नाही, एवढेच सांगतो. जॅकार्ड मागावर (१८०४) त्याचे छिद्रित पुठ्ठ्यात रूपांतर होते. छिद्र असल्यास धागा उचलला जातो, नसल्यास नाही. पुठ्ठे योग्य क्रमाने ओवलेले असतील तरच कापडावर फूल उमटते. क्रम चुकला तरी माग थांबत नाही. तो तितक्याच निष्ठेने वेगळेच काही विणतो.

बाइटांपासून मूल्य कसे सिद्ध होते, हे एका परिचित संख्येवरून पाहता येईल. गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पाच्या नाथसागर जलाशयाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून १,५२२ फूट, म्हणजे ४६३.९०६ मी. आहे. अपूर्णांकयुक्त संख्या साठविण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धती १९८५ साली प्रमाणभूत ठरली, तिच्यानुसार ही संख्या ३२ द्विमान अंकांत लिहिल्यास ६७, २३१, २४३ व २४८ असे चार बाइट मिळतात. यांतील पहिला अंक चिन्हाचा (० म्हणजे धन), पुढील आठ अंक दोनाच्या घाताचे व उरलेले तेवीस अंक अपूर्णांकाचे असतात. येथे घाताच्या जागी १३५ ही संख्या येते. तीतून ठरलेले १२७ वजा केले असता ८ उरतात, म्हणजे मूळ संख्या २५६ व ५१२ यांच्या दरम्यान आहे, असे समजते. उरलेल्या अंकांवरून ती ४६३.९०६ इतकी निश्चित होते.

आता हेच चार बाइट दोन-दोनांच्या जोड्यांनी पाठविले आणि घेणाऱ्याने जोड्यांचा क्रम उलटा धरला, तर मिळणारी संख्या ऋण असून तिचे परिमाण ३९ वर तीस शून्ये याहून थोडे अधिक भरते. ही शक्यता काल्पनिक नव्हे. मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने १९७९ साली प्रचारात आणलेली मोडबस ही संदेशपद्धती कारखान्यांत आजही सर्वत्र वापरली जाते. तिच्यात मूल्ये १६ अंकी कोष्ठांत (रजिस्टरांत) ठेवतात. एका कोष्ठातील दोन बाइटांचा क्रम तिने ठरवून दिला आहे. परंतु ३२ अंकी संख्येसाठी दोन कोष्ठ लागतात व त्यांपैकी आधी कोणता, हे ठरविलेले नाही. त्यामुळे उपकरणाच्या प्रत्येक उत्पादकाने आपापला क्रम स्वीकारला आणि माहितीपत्रक पाहिल्याविना अर्थ लावता येऊ नये, अशी स्थिती निर्माण झाली. संगणकांच्या जगात या मतभेदास ‘मोठ्या टोकाचे’ व ‘लहान टोकाचे’ अशी नावे पडली आहेत. अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे यावरून लढणाऱ्या लोकांचे वर्णन जोनाथन स्विफ्ट यांच्या गलिव्हर्स ट्रॅव्हल्स (१७२६) या कादंबरीत आले आहे. त्यावरून डॅनी कोहेन यांनी १९८० साली ही नावे योजिली. थट्टेने दिलेली ही नावे पुढे पारिभाषिक संज्ञा होऊन बसली.

दृश्य कार्यक्रमणात आज्ञा ओळीने लिहिण्याऐवजी पडद्यावर चौकटी मांडून त्या रेषांनी जोडतात. प्रत्येक चौकट एक काम करते व निष्पन्न झालेला संदेश पुढील चौकटीकडे सोपविते. संपूर्ण आकृतीस प्रवाहचित्र म्हणता येईल. या विचाराचा पाया जे. पॉल मॉरिसन यांनी आयबीएम कंपनीत १९७० च्या सुमारास घातला. प्रयोगशाळांतील मापनासाठी लॅबव्ह्यू ही प्रणाली १९८६ मध्ये आली. आयबीएममधीलच निक ओलीअरी व डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी २०१३ मध्ये तयार केलेली नोड-रेड ही प्रणाली त्याच वर्षी सर्वांसाठी खुली करण्यात आली. ती विनामूल्य असल्यामुळे व लहान संगणकावरही चालत असल्यामुळे मध्यम व लहान उद्योगांना सोयीची ठरली.

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात अशा कामाला पुष्कळ वाव आहे. चिकलठाण्यानंतर वाळूज येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली व बजाज ऑटोचा कारखाना तेथे १९८५ मध्ये सुरू झाला. एंड्रेस-हाउजर या स्विस उद्योगसमूहाचा प्रवाहमापके बनविणारा कारखानाही वाळूजलाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र आहे. प्रवाहमापक, दाबमापक, वीजमापक यांसारख्या उपकरणांकडून येते ते मूल्य नव्हे, तर बाइटांची माळ. प्रवाहचित्रात म्हणून वाचणाऱ्या चौकटीच्या लगेच पुढे अर्थ लावणारी चौकट ठेवावी लागते. कितव्या बाइटापासून आरंभ करावयाचा, संख्या पूर्णांक की अपूर्णांकयुक्त, तिला ऋण चिन्ह संभवते की नाही, बाइटांचा क्रम कोणता आणि अखेरीस कशाने गुणावयाचे, एवढ्या गोष्टी तिला सांगाव्या लागतात. शेवटच्या गुणकाकडे नवशिक्यांचे हमखास दुर्लक्ष होते. जलाशयाची पातळी मीटरमध्ये, फुटांत किंवा उपयुक्त साठ्याच्या टक्केवारीत सांगण्याची रीत आहे. बाइट अचूक उलगडले तरी एकक चुकल्यास मूल्य चुकीचेच ठरते.

रूपांतराचा एक प्रकार मात्र मूळ माहितीच नष्ट करतो. संदेश वाचता यावा म्हणून बाइटांची माळ अक्षरसंहितेत, म्हणजे मजकुरात, बदलण्याची अनेकांना सवय असते. वर दिलेल्या चार बाइटांपैकी पहिल्याचे अक्षर होते. उरलेले तीन प्रचलित यूटीएफ-८ संहितेत त्या क्रमाने निषिद्ध असल्याने प्रत्येकाच्या जागी ‘अज्ञात अक्षर’ हे एकच चिन्ह घातले जाते व त्या चिन्हाला तीन बाइट लागतात. चारांचे दहा बाइट होतात, आणि २३१, २४३ व २४८ यांतील भेद पुसला गेल्यामुळे ते परत मिळविण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. मजकूर नसलेली माहिती मजकूर म्हणून हाताळू नये, हा नियम त्यामुळे अपवादाविना पाळावा लागतो.

उणे ३९ वर तीस शून्ये ही चूक एका दृष्टीने निरुपद्रवी होय. ती पाहणारा प्रत्येक जण दचकतो. खरा धोका दिसायला योग्य अशा चुकीच्या मूल्यात असतो. धरणातून नदीत सोडलेला विसर्ग दर सेकंदाच्या घनफुटांत (क्युसेकमध्ये) सांगतात. समजा, तो एका १६ अंकी कोष्ठात ठेवला आहे. कोष्ठ ऋण संख्यांसह वाचला जात असेल, तर ३२,७६७ क्युसेकपर्यंत सर्व काही बरोबर दिसेल. विसर्ग ४०,००० झाला की पडद्यावर उणे २५,५३६ उमटेल. कोष्ठ केवळ धन संख्यांचा मानल्यास मर्यादा ६५,५३५ वर जाते, परंतु तेवढ्याने भागत नाही. २००६ च्या ऑगस्टमधील पुरात जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सोडावे लागले व पैठण शहरात पाणी शिरले. २,५०,००० ही संख्या अशा कोष्ठात बळेच घातल्यास वरचे अंक गळून ५३,३९२ एवढीच उरते. ही संख्या ऋण नाही, अवास्तव नाही आणि पावसाळ्यात सहज खरी वाटावी अशी आहे. नदीकाठची गावे रिकामी करावयाची की नाही, हा निर्णय मात्र तिच्यामुळे उलटा होऊ शकेल. उन्हाळ्यात घेतलेल्या चाचणीत ही चूक कधीच आढळणार नाही, कारण तेव्हाचे आकडे लहान असतात. रूपांतरणाची चाचणी अपेक्षित कमाल मूल्याने व त्याच्याही पलीकडील मूल्याने घ्यावी लागते ती यासाठीच. याच जातीच्या चुकीने ४ जून १९९६ रोजी एरियान-५ या यूरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण फसले. ६४ अंकी अपूर्णांकयुक्त संख्या १६ अंकी पूर्णांकात बसविण्याचा प्रयत्न झाला, ती मावली नाही आणि उड्डाणानंतर मिनिटभराच्या आतच अग्निबाण नष्ट झाला.

एकत्रित मोजणीत आणखी एक, काहीशी फसवी, अडचण उद्‌भवते. ३२ अंकी अपूर्णांकयुक्त संख्येत सुमारे सात दशमान अंकांचीच अचूकता राहते. १,६७,७७,२१६ या संख्येनंतर तिच्यात १ मिळविला तरी ती बदलत नाही. एकेक लिटर मोजून बेरीज करणारे जलमापक अशा संख्येवर अवलंबून असेल, तर सुमारे १६.८ दशलक्ष लिटरांवर त्याचा आकडा गोठतो. ज्या शहराला दररोज शंभर दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी लागते, तेथे मुख्य जलवाहिनीवर हे एका दिवसाच्या आतच घडेल. वाहिनीतून पाणी वाहत असते, मापकही ते मोजत असते. बेरीज मात्र पुढे सरकत नाही. अशा ठिकाणी मोठ्या लांबीचा पूर्णांक योजणे हाच उपाय होय.

उलट दिशेचे रूपांतर, म्हणजे मूल्यापासून बाइट तयार करणे, कृतीने तेवढेच सोपे पण परिणामाने अधिक गंभीर आहे. वाचनातील चुकीने आकडा बिघडतो. लेखनातील चुकीने यंत्र हलते. पंपाच्या मोटरला ४२.५ हर्ट्‌झ वारंवारता द्यावयाची असल्यास काही नियंत्रक ४२५ ही संख्या मागतात, तर काही ४,२५०. शतांशाची अपेक्षा असणाऱ्या नियंत्रकाला ४२५ पाठविल्यास मोटर ४.२५ हर्ट्‌झवर रेंगाळते. उलट चुकीत ती कमाल मर्यादेला भिडू पाहते. त्यामुळे पाठविण्यापूर्वी मूल्य मर्यादेत आहे की नाही हे तपासणारी स्वतंत्र चौकट प्रवाहचित्रात ठेवतात.

अनेक चालू-बंद स्थिती एकाच संख्येत बांधताना विशेष दक्षता लागते. जायकवाडी धरणाला २७ दरवाजे आहेत. प्रत्येक दरवाज्याला एक द्विमान अंक दिल्यास दोन कोष्ठांतील ३२ जागांपैकी पाच शिल्लक राहतात. पहिल्या जागेपासून ओळीने मांडणी करून १० ते २७ क्रमांकांचे दरवाजे उघडे व १ ते ९ बंद असे दर्शविले, तर एकूण संख्या १३,४२,१७,२१६ होते व दोन कोष्ठांत अनुक्रमे २,०४७ व ६५,०२४ दिसतात. संख्या म्हणून यांना काहीच अर्थ नाही. एकेक अंक सुटा केल्यावरच दरवाजे दिसू लागतात. यांपैकी एकाच दरवाज्याची स्थिती बदलावयाची झाल्यास आधी जुनी संख्या वाचून घेतात, तीतील हवा तो अंकच पालटतात व मग संपूर्ण संख्या परत लिहितात. पहिली पायरी गाळून केवळ नव्या दरवाज्याचा अंक लिहिला, तर इतर सर्व जागी शून्ये जातात, म्हणजे उरलेले दरवाजे बंद करण्याचीच आज्ञा दिल्यासारखे होते.