चालण्याचा हिशेब आपल्याच मोबाइलात : मोफत 'ओपनट्रॅक्स' ॲप असे बसवा

इंदूर : डॉक्टरांनी 'रोज चाला' म्हटले की बहुतेक जण आधी मोबाइलवर एखादे ॲप टाकतात. पिपल्यापाला रिजनल पार्क असो, मेघदूत उपवन असो की नेहरू पार्क, सकाळी फेऱ्यांचा हिशेब मोबाइलवर ठेवणारे आता सगळीकडे दिसतात. ॲप फुकट मिळते, पण अनेक ॲप उघडताच नाव, मोबाइल नंबर, जन्मतारीख, वजन विचारतात. ही माहिती पुढे कुठे जाते, हे बघायला कोणाला वेळ नसतो. हिशेब हवा, पण तो दुसऱ्याच्या वहीत नको, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी 'ओपनट्रॅक्स' हा चांगला पर्याय आहे.

फुकट आणि ओपन सोर्स यात फरक काय?

फुकट म्हणजे पैसे लागत नाहीत, एवढेच. ओपन सोर्स म्हणजे ॲप ज्या कोडवर चालते तो कोणालाही वाचता, तपासता येतो. इंदूरकरांना हा शब्द कोरोनाच्या काळापासून ओळखीचा असेल. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारचे 'आरोग्य सेतू' आले, तेव्हा इंदूर मध्य प्रदेशात सर्वाधिक बाधित शहरांपैकी होते. ॲप लोकांची नेमकी कोणती माहिती घेते, असा प्रश्न देशभर विचारला गेला आणि २६ मे २०२० रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला करण्यात आला.

ओपनट्रॅक्सची गोष्टही अशीच आहे. गुगलचे 'माय ट्रॅक्स' नावाचे ॲप होते. २०१६ मध्ये कंपनीने ते बंद केले. पण त्याचा कोड आधीच खुला झालेला असल्याने इतरांनी तो पुढे चालवला. त्यातूनच ओपनट्रॅक्स उभे राहिले. दुकान बंद झाले, पण माल वाया गेला नाही.

माहिती बाहेर का जात नाही?

हे ॲप मोबाइलकडे इंटरनेटची परवानगीच मागत नाही. खाते उघडायचे नाही, ओटीपी नाही, जाहिरात नाही. नोंद फोनमध्येच राहते. जागा उपग्रहांवरून कळते, त्यामुळे मेळघाटात किंवा सातपुड्याच्या पट्ट्यात रेंज नसली तरी काम चालते.

यात एवढे काय, असे वाटेल. पण रोजचा रस्ता म्हणजे आपले घर कुठे, आपण किती वाजता बाहेर पडतो आणि किती वेळ घरी नसतो, याची पूर्ण माहिती. जानेवारी २०१८ मध्ये 'स्ट्राव्हा' या ॲपच्या जगभरच्या नकाशावरून सैनिकांच्या धावण्याचे मार्ग आणि त्यावरून लष्करी तळांच्या जागा ओळखू आल्या होत्या. नकाशात कोणाचे नाव नव्हते, तरी व्हायचे ते झाले.

कसे बसवायचे?

ॲप फक्त अँड्रॉइडवर चालते, आयफोनवर नाही. ते 'एफ-ड्रॉइड' या ठिकाणाहून घेता येते. स्वयंसेवक २०१० पासून चालवत असलेले हे ओपन सोर्स ॲपचे भांडार आहे.

१. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये 'एफ-ड्रॉइड डॉट ऑर्ग' हा पत्ता इंग्रजीत स्वतः टाइप करा आणि तिथून एफ-ड्रॉइड डाउनलोड करा.

२. फाइल उघडताच फोन इशारा देईल आणि ब्राउझरला ॲप बसवण्याची परवानगी द्यायची का, असे विचारेल. परवानगी द्या, एफ-ड्रॉइड बसवा आणि लगेच सेटिंगमध्ये जाऊन ब्राउझरची ही परवानगी बंद करा. ही पायरी विसरू नका.

३. एफ-ड्रॉइड उघडा. पहिल्यांदा यादी यायला थोडा वेळ लागतो. मग 'ओपनट्रॅक्स' शोधून इन्स्टॉल करा. इथे एफ-ड्रॉइडसाठी तशीच परवानगी पुन्हा विचारली जाईल.

४. ओपनट्रॅक्स लोकेशन मागेल. ते 'प्रिसाइज' म्हणजे अचूक असेच द्या, नाहीतर अंतर चुकते.

५. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेले ॲप बंद करतात आणि नोंद अर्धवट राहते. बॅटरीच्या सेटिंगमध्ये या ॲपवरची बंधने काढा.

६. मोकळ्या जागेत येऊन नोंद सुरू करा. उंच इमारतींच्या मधे किंवा घरात आकडे भरकटतात.

व्हॉट्सॲपवरची फाइल नको

लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलान म्हणून पाठवलेल्या 'एपीके' फाइलमधून लोकांची बँक खाती रिकामी झाल्याच्या घटना देशभर घडल्या आहेत. ब्राउझरची परवानगी बंद करायची ती याचसाठी. ओपनट्रॅक्ससुद्धा कोणी व्हॉट्सॲपवर पाठवले तर घेऊ नका, मग तो घरातलाच माणूस का असेना.

काय मिळते, काय नाही

अंतर, वेळ, वेग आणि चढ-उतार दिसतो. छातीला बांधायचा ब्लूटूथ पट्टा असेल तर हृदयाचे ठोकेही नोंदता येतात. मात्र हे ॲप पावले मोजत नाही आणि यात स्वतःचा नकाशा नसतो. नकाशा हवा तर वेगळे ॲप जोडावे लागते. बीपी किंवा शुगर यात कळणार नाही. वजनाची नोंद ठेवायला 'ओपनस्केल' आणि शुगरसाठी 'डायगार्ड' ही ॲप एफ-ड्रॉइडवर आहेत. तीही फक्त नोंदवह्या आहेत. औषध बदलायचे की नाही, ते डॉक्टरच सांगतील.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. झपाझप चालणे त्यात मोडते. आठवड्याची बेरीज तेवढी होते का, हे नोंदीवरून लगेच कळते.

जबाबदारीही आपलीच

माहिती कंपनीकडे नाही, म्हणजे फोन हरवला किंवा बिघडला तर ती परत द्यायलाही कोणी नाही. म्हणून सेटिंगमध्ये एक फोल्डर निवडून प्रत्येक फेरीनंतर फाइल आपोआप तिथे जाईल असे करून ठेवा. महिन्यातून एकदा ते फोल्डर पेनड्राइव्हवर किंवा घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. फोन बदलला की त्याच फाइल नव्या फोनमध्ये घेता येतात आणि जुना हिशेब पुढे सुरू राहतो.