ब्रिज खेळू या (भाग ६) : टाक की भावा? थांब की भावा!

मागच्या आठवड्यात बोली थांबली ती तीन नोट्रम्पवर. म्हणजे हुकूम नाही आणि तेरापैकी नऊ हात करायचे. डावीकडच्या गड्यानं बदाम छक्कीची उतारी केली, भिडूनं पानं टेबलावर मांडली; ही उघडी पानं म्हणजे डमी. मेंढीकोटात मुरलेला कोल्हापुरी गडी नेमका इथंच घसरतो. पेठेतल्या कट्ट्यावर पान जरा रेंगाळलं की "टाक की भावा!" सुरू होतं. तिथं भिडूची पानं झाकलेली असतात, घाईनं फार बिघडत नाही. ब्रिजमध्ये मात्र डमी उघडली की आपली आणि भिडूची मिळून सव्वीस पानं आपल्याला दिसतात. म्हणून पहिल्या पानाआधी निवांत विचार करा. डमीचं पान एकदा मागितलं की ते खेळलं गेलं.

हा डाव पाहा.

डमी : इस्पिक ९-७-३, बदाम राजा-५, चौकट ९-५-२, किलवर राणी-गुलाम-१०-६-४

आपली पानं : इस्पिक एक्का-५-४-२, बदाम एक्का-८-४, चौकट एक्का-७-६-३, किलवर एक्का-राजा

आधी हात मोजा. इस्पिकचा एक, चौकटचा एक, बदामचे दोन, किलवरचे पाच. झाले की नऊ! मग अडतंय कुठं? किलवरचा एक्का आणि राजा आपल्याकडे अडून बसलेत. ते दोन्ही खेळून झाल्यावर राणी-गुलाम-दश्शी वाजवायला डमीत जावं लागणार, आणि तिकडची एकच वाट आहे : बदामचा राजा.

एक्का मागे राखून राजानं हात घ्यायची सवय असेल, तर ती वाट पहिल्याच फटक्यात बंद. डमीतली किलवरची तीन पक्की पानं नुसती बघत बसायची. नवाऐवजी पदरात सहा हात.

पुस्तकं चाळलेला एखादा म्हणेल, नोट्रम्पमध्ये पहिला हात सोडावा, एक्का दाबून ठेवावा. एरवी खरं आहे, इथं नाही. हात सोडलात तर समोरून पुन्हा बदाम येणार आणि डमीतला उघडा पडलेला राजा झक मारत टाकावा लागणार. अर्धवट पाठ केलेला नियम घाईपेक्षा महाग पडतो, असं माझं मत. डमीतून पंजी टाका, एक्क्यानं हात घ्या, किलवरचा एक्का-राजा वाजवा, मग बदाम खेळून राजावर जा.

निवांत विचाराचंच म्हणाल, तर २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदाच आला आणि पुरुष जोडीचं सुवर्ण भारताच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी जिंकलं. बर्धन तेव्हा साठीचे होते. चपळाईचा हा खेळच नव्हे.

पुढच्या आठवड्यापर्यंत एवढं करून बघा : इस्पिक एक्का डमीत ठेवा, डमीतली इस्पिक नव्वी आपल्याकडे घ्या, बाकी पानं तीच. आता पहिला हात कुठं घ्याल?